टेस्टिंगचं चूलबंद आवतण

अवधूतसारखा सावध सॉफ्टवेअरवाला उभ्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, असं खुद्द अवधूतचंच मत होतं. पुण्याच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना तो व्हिडिओ कॉलवर बजावायचा, "टेस्टिंगशिवाय एक ओळ बाहेर जाता कामा नये. आणि टेस्टिंग करताना खऱ्या माणसांच्या वाटेला जायचं नाही." पोरं कॅमेरा बंद ठेवून ऐकत. म्हणजे, ऐकत असावीत.

कंपनीनं त्याला शेवगावपासून आत असलेल्या एका गावात धाडलं होतं. तिथं आबासाहेबांची दूध डेअरी. शेतकऱ्यानं दूध घातलं की किती लिटर भरलं, किती फॅट लागलं, हे त्याच्या मोबाईलवर गेलं पाहिजे, एवढं काम. दिवाळी करून आलेला अवधूत उन्हाळा लागला तरी तिथंच होता. गोजरबाईच्या माडीवर एक खोली, खोलीत एक लॅपटॉप आणि एक कुकर.

गाव तसं मायाळू. ओट्यावर बसलेलं कुणीही रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही विचारणार, "जेवला का?" पण अवधूत पडला साहेब. साहेबाला लोक रामराम घालतात, खुर्ची पुसून देतात. जेवला का म्हणून विचारत नाहीत. साहेब जेवलेलाच असतो.

मग यानं काय करावं? बाकीचे लोक टेस्टिंगला 'हॅलो, वन टू थ्री' असलं काहीतरी पाठवतात. हा 'जेवलात का?' पाठवायचा. टेस्टिंगच्या यादीत नंबर एकच, त्याचा स्वतःचा. रोज संध्याकाळी खिचडीचा कुकर लावला की फोन वाजायचा, 'जेवलात का?' आपणच लावून ठेवलंय हे ठाऊक असूनही त्याला बरं वाटायचं. एकदोनदा तर त्यानं 'हो, तुम्ही?' असं उत्तरही धाडलं. हसू नका. एकट्यानं कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसून बघा, म्हणजे कळेल.

सोमवारी काम आबासाहेबांच्या ताब्यात द्यायचं होतं. त्यांना पसंत पडलं तर ठीक, नाहीतर कंपनीत अवधूतची धडगत नव्हती. शनिवारी संध्याकाळी रोजचा 'जेवलात का?' येऊन गेला, तेव्हा एकच गोष्ट तपासायची उरली होती, मेसेजमध्ये लोकांची नावं नीट उमटतात का. खऱ्या नावांशिवाय ते कळणार कसं? म्हणून त्यानं दूध घालणाऱ्यांची खरी यादी घटकाभर टेस्टिंगमध्ये आपल्या नंबराखाली जोडली आणि पडद्यावर नावं बघून घेतली.

तेवढ्यात खालून आवाज आला. कुणीतरी गोजरबाईला लग्नाचं आवतण द्यायला आलं होतं. "मावशी, पुढच्या आठवड्यात लगीन हाय. चूलबंद हाय बरं का."

चूलबंद म्हणजे घरातले झाडून सगळे, आलागेला पाहुणासुद्धा. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. आवतण देणारा चहा पिऊन गेला. माडीवर कुणी आलं नाही. भाडेकरू गोजरबाईच्या चुलीत धरायचा की नाही, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

अवधूतला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लांबलचक मेसेज मधेच तुटतो का, हेही बघायचंच होतं. स्वतःलाच पाठवायला म्हणून त्यानं लिहिलं, 'उद्या दुपारी डेअरीच्या पटांगणात आमच्याकडे जेवायला यावे. चूलबंद आवतण आहे. आपला, अवधूत.' आणि बटण दाबलं. त्याचा फोन वाजला. त्यानं नीट वाचून पाहिलं. वर नाव झकास, मेसेज अखंड. गावाची यादी काढून टाकायची राहिली, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो समाधानानं कुकर उतरवायला उठला.

रविवारी सकाळी डेअरीचा टेम्पो चालवणारा खाजाभाई जिना चढून वर आला.

"साहेब, मुबारक. मुलगी कुठली?"

"कसली मुलगी?"

"लाजू नका. साखरपुडाच ना? का पुन्यात घर घेतलं?"

"खाजाभाई, मी साधी सायकल घेतलेली नाही."

"नका सांगू. जेवताना कळंलच," म्हणत खाजाभाई हसत खाली गेला. त्याच्या मागोमाग गोजरबाई आली.

"साहेब, पान्याचा एक टँकर पुरंल का?"

"मावशी, एकट्या माणसाला टँकर कशाला? दोन बादल्या खूप झाल्या."

गोजरबाईनं पदर खोचला. मग ती जिना उतरून गेली. आणि आबासाहेबांचा फोन आला.

"अवधूतराव, काम झ्याक करताय. पन सगळ्या गावाला चूलबंद, आन् आमच्या घरी साधं आवतण न्हाई? मालक हाय म्हणून उपाशी ठेवता व्हय?"

आबासाहेब डेअरीचे मालक. मालक स्वतःच्या डेअरीला दूध घालत नाही. म्हणून यादीत नाही.

अवधूतनं लॅपटॉप उघडला आणि मेसेज कुणाकुणाला गेला ते बघितलं. ज्याच्या दावणीला जनावर, त्याचं नाव यादीत होतं. त्या गावात दावण नसलेलं घर शोधावं लागलं असतं. पण माणूस सावध! त्यानं आधी यादी बदलली, टेस्टिंगमध्ये फक्त स्वतःचा नंबर ठेवला. मग घाईघाईनं लिहिलं, 'कालचा मेसेज चुकून गेला. दुर्लक्ष करावे. क्षमस्व.' बटण दाबलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

गावात चिटपाखरालाही काही कळलं नाही. अवधूतचा फोन तेवढा वाजला.

दुसऱ्यांदा पाठवायला तो बसतोय, तोवर गोजरबाई परत वर आली. त्यानं तिला सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्ये ठेवा बाजूला. चूलबंद आवतण मागं घेत न्हाईत. घरात मानूस गेलं तरच."

"मग आता मी काय करू?"

"जेवू घाला. दुसरं काय?"

खाजाभाई नुसता टेम्पो चालवत नव्हता. पंचक्रोशीतली लग्नं त्याच्या हातच्या आमटीवर पार पडत. त्यानं कढया आणल्या. गोजरबाईनं बायका गोळा केल्या. आबासाहेबांना अवधूतनं घरी जाऊन, हात जोडून, सहकुटुंब आवतण दिलं, तेव्हा त्यांचा रुसवा गेला आणि कमी फॅट लागलेलं सगळं दूध त्यांनी खिरीला धाडलं. दुपारी पटांगणात पंगती बसल्या.

अवधूत यजमान. यजमानानं वाढायचं, आग्रह करायचा, शेवटी बसायचं. तो आमटीची बादली घेऊन वाकून वाकून फिरत होता. माणसं त्याला नावानं हाक मारत होती, "अवधूतराव, हिकडं भात." पाठीचा काटा ढिला झाला तरी त्याला थांबावंसं वाटेना. श्रीमंत नावाच्या म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "निमित्त तरी काय म्हनायचं?"

अवधूतला खोटं जमेना. "आजोबा, टेस्टिंग होतं."

म्हाताऱ्यानं आमटीचा भुरका मारला. "लई झ्याक झालं टेस्टिंग. मीठ बरुबर हाय."

शेवटची पंगत उठली. खाजाभाईला वाटलं, साहेब आबासाहेबांबरोबर जेवले. आबासाहेबांना वाटलं, ते खाजाभाईबरोबर बसणार. अवधूत बादली ठेवून कढयांपाशी गेला, तर कढया घासून पालथ्या घातलेल्या. माणसं समाधानानं पान खात घरी निघाली होती. जेवलात का, असं यजमानाला कोण विचारणार?

आबासाहेब जाताना म्हणाले, "काम पसंत हाय. मेसेज सगळ्यांना पोचतो, ही खात्री झाली. आता तुमी उद्याच्याला पुन्याला जायला मोकळे."

तो माडीवर आला. खोलीत सामान असं नव्हतंच, ते आवरायला वेळ लागला नाही. डब्यात तांदूळही संपलेले. संध्याकाळ झाली तसा फोन वाजला. 'जेवलात का?' त्याचाच मेसेज होता. 'हो' लिहायला त्याचं बोट पुढं गेलं आणि तिथंच थांबलं.

तो जिना उतरून खाली गेला. गोजरबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती.

"मावशी," तो म्हणाला, "माझं जेवायचं राहिलं."

गोजरबाईनं आधी कपाळाला हात लावला. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना. "आन् आता कोन घालनार जेवायला? अख्ख्या गावात आज चूल न्हाई पेटली. तुमचंच आवतण हुतं ना!"

ती आत गेली आणि पदरात भाजलेले शेंगदाणे नि गुळाचा खडा घेऊन आली. त्याच्या ओंजळीत ओतत म्हणाली, "खा. आन् पुन्यात असलं काय करशील तर ध्यानात ठेव बाबा. आदी सोता जेवून घ्यावं, मग बटन दाबावं."

साहेब म्हणायचं ती विसरली होती. अवधूतनं तिला आठवण करून दिली नाही.