नऊ नंबरची डबी

आमच्या कामरगावात रशीदभाईंकडे कॉम्प्युटर दाखवायला नेला, की ते आधी त्याला कान लावतात आणि मग विचारतात, "मामू हाय का जावई?"

स्टँडसमोर त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो, तिला कंपनीने सात, आठ, दहा असे नंबर दिले. रशीदभाईंना ते मंजूर नाही. सात म्हणजे मामू, कारण कोणी काहीही सांगितलं तरी तो ऐकतो. आठ म्हणजे जावई. "आला अन् घरातल्या साऱ्या चीजा इकडच्या तिकडं केल्या!" दहा म्हणजे सरपंच, ऐन कामाच्या वेळी 'थांबा' म्हणतो. "नंबर कैद्याले देतेत सर, घरच्याले नाव देतेत."

हे कौतुक दुकानापुरतं ठीक होतं. पण मी शिकवतो त्या शाळेतल्या कॉम्प्युटरांची माहिती वर पाठवायची होती. मी तक्ता रशीदभाईंकडून भरून घेतला आणि न वाचता पुढे धाडला, हा माझा गाढवपणा. 'सिस्टीम कोणती' या रकान्यात त्यांनी 'मामू चार, जावई एक' असं लिहिलं होतं. तक्ता परत आला. हेडमास्तरांसमोर माझी चांगलीच शोभा झाली. पुन्हा असं झालं, तर शाळेचं काम रशीदभाईंकडून काढून घेणार होते.

मी तो तक्ता घेऊन तणतणत दुकानात गेलो. "नंबर लिहा. हट्टापायी काम जाईल तुमचं."

"जाऊ द्या. नाव नाई खोडत मी."

मागच्या फळीवर सीडीच्या डब्या ओळीने होत्या, प्रत्येकीवर मराठीत नाव. जावई आणि सरपंच यांच्यामध्ये मात्र एक रिकामी डबी होती, तिच्यावर उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मला उर्दू येत नाही.

"आठानंतर कंपनीनं थेट दहा काढला," मी चिडून म्हणालो. "नऊ आलाच नाही. मग ही डबी कशाला?"

रशीदभाईंनी डबी काढून रुमालाने पुसली. "आमची पहिली पोरगी दोनच दिवस होती सर. नाव सातव्या दिवशी ठेवतो आमी. दवाखान्याच्या चिठ्ठीवर नुसता नंबर राह्यला." रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "जे आलं नाई, त्याले बी नाव लागते."

माझी मलाच लाज वाटली. तक्ता ओढून नंबर मी माझ्या हाताने लिहिले, पण त्यांची नावं खोडली नाहीत. शेजारी कंसात राहू दिली. मग विचारलं, "काय लिहिलंय डबीवर?"

"निलोफर," ते म्हणाले. डबी परत तिच्या जागेवर ठेवताना पाठ माझ्याकडे होती. "इतक्या वर्सांत कोनी इचारलंच नाई."