रेघा सारख्या आल्याबद्दल खुलासा

माझ्या थोरल्या पोराची, नरसिंगची, एक खोड आहे. घरात नवी वस्तू आली की ती कशाला आणली हे तो विचारत नाही. तिचं उद्घाटन कुणाच्या हस्ते, हे विचारतो. मागच्या साली मोरीला नवा नळ बसवला, तर हा पाणी सुरू करू देईना. सरपंच कुठं लग्नाला गेलेले. ते येईपर्यंत अख्खं घर खरकट्या हातानं बसलं. असा माणूस तालुक्याच्या कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक आहे, म्हणजे अगदी योग्य जागी आहे. गाऱ्हाणं तेवढंच असतं तर मी तोंड दाबून गप बसले असते. पण ह्या खेपेला त्यानं पोटच्या पोरीच्या कामाचं उद्घाटन केलं, अन् त्यातच ते काम गेलं.

पोरगी म्हणजे माझी नात सपना. त्याच कॉलेजात हळदीवर पीएच.डी. करते. आमच्या हट्टा गावाकडची हळद पेशींवर काय परिणाम करते, असा तिचा विषय. पेशी म्हणजे अंगातला सगळ्यात बारका कण, डोळ्याला न दिसणारा. तर त्या कणालाही आत सांगाडा असतो, घराला आडे-वासे असतात तसा. त्या सांगाड्यात ॲक्टिन नावाचं प्रथिन असतं आणि ते हुडकून काढणारी एक अँटिबॉडी असते. ती नेमकी त्या प्रथिनालाच चिकटते, दुसऱ्या कशाला शिवत नाही. चिकटली की यंत्राच्या पडद्यावर काळी रेघ उमटते. सपनाच्या पुण्याच्या मॅडमनी तिला ही अँटिबॉडी नमुन्यादाखल पाठवली. बाटली करंगळीएवढी, आत थेंबभर द्रव, अन् भोवती बर्फ भरलेला हा एवढा थोरला थर्माकोलचा डबा.

"ह्यानं हळदीचं काय कळतं गं?" मी विचारलं.

"हळदीचं काहीच न्हाई कळत, आजी. प्रत्येक नळीत पेशींचा माल सारखा घातला का, ते कळतं. हे प्रथिन सगळ्या पेशींत असतंच. म्हणून त्याच्या रेघा सारख्या आल्या की माल सारखा. पंगतीत आधी सगळ्यांच्या ताटात सारखं वाढलं पायजे, तवाच कुणी किती खाल्लं ते बोलता येतं. व्हय का न्हाई?"

"अन् रेघा कमीजास्त आल्या तर?"

"तर परीक्षक माझं बाकीचं काही वाचणार बी न्हाईत."

मला बराबर समजलं.

डबा कॉलेजात पोचला तसा नरसिंगनं त्यावर हात ठेवला. "लोकार्पण झाल्याशिवाय कोणतंही उपकरण, साहित्य अथवा द्रव वापरात आणता येणार नाही," असं त्यानं घरी जेवताना, भाकरी मोडत मोडत, कार्यालयीन भाषेत जाहीर केलं.

"पप्पा, गरम झाली तर ती कामातून जाते."

"अध्यक्षसाहेब सोमवारी येऊन राहिले. तवर दम धर म्हणा त्या बाटलीला."

मी सपनाला चुलीपाशी बोलावलं अन् कानात सांगितलं, "डबा देऊन टाक बापाला. बाटली काढून फ्रीजात ठेव. ह्या लोकांना हार घालायला डबा लागतो, आतलं कोण बघतंय?"

तसंच झालं. सोमवारी रिकामा डबा टेबलावर मखमली कापडावर बसला. शेजारी समई. नरसिंगनं टोपलीभर नारळ आणले. आम्ही विहारात जाणारी माणसं, आमच्या घरात नारळ फुटत नाही. पण साहेबांपुरता नरसिंग कसाही वाकतो. प्राचार्य म्हणाले की सिद्धेश्वरच्या धरणानंतर जिल्ह्यात एवढं मोठं काही आलं असेल तर हा डबा. संस्थेचे अध्यक्ष कुलदीपराव यांनी फीत कापली, डब्याला हात जोडले अन् सपनाला विचारलं, "बेटा, ह्याचा उपयोग काय?"

"सर, सगळ्यांत सारखं आहे का, ते ह्यानं दिसतं."

साहेबांनी माईक मागून घेतला. "म्हणजे ही समतेची बाटली आहे!" ते म्हणाले. "वर्धापनदिनाला माझी पेशी आणि आपल्या संस्थेतल्या सर्वांत लहान कर्मचाऱ्याची पेशी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी दाखवा. जिल्ह्याला कळू द्या, इथं कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही." टाळ्यांचा पाऊस पडला. नरसिंगच्या टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावरही चालू होत्या.

"पप्पा, बाटलीत थोडंच हाय," सपना घरी रडकुंडीला आली. "माझ्या प्रयोगापुरतंच हाय."

"समतेसाठी थोडी तकलीफ काढावी लागते," नरसिंग म्हणाला. चौदा एप्रिलला समतेवर बोलायला माईक ह्याच्याच हातात असतो, त्यामुळं वाक्य तयार होतं.

सपना नाही म्हणू शकत नव्हती. प्रबंध विद्यापीठात द्यायचा तर संस्थेचं नाहरकत लागतं, त्यावर अध्यक्षांची सही लागते, अन् सहीला कागद पुढं सरकवणारा हात तिच्या बापाचा.

वर्धापनदिनाआधी गालाच्या आतून पेशी खरवडून घेतल्या. साहेबांच्या, प्राचार्यांच्या, नरसिंगच्या, अन् झाडलोट करणाऱ्या भिकाबाईच्या. भिकाबाईला आधी मिसरी थुंकायला लावली, प्राचार्यांना गुटखा. सपनानं प्रत्येक नळीत मोजून सारखा माल घातला. तिला तेवढंच शिकवलेलं.

मंडपात पुढच्या खुर्चीवर मी होते. पडद्यावर चार काळ्या रेघा आल्या. लांबी तीच, जाडी तीच.

भिकाबाई मागून ओरडली, "ह्याच्यात साहेबाची कंची?"

कुणालाच सांगता येईना. प्राचार्यांनी चष्मा पुसला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग ते उठले अन् जेवण न करता गेले. बासुंदी तशीच राहिली. समता एवढी दिसेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सपनाला नोटीस मिळाली. नरसिंगनं ती स्वतः टाइप केली, स्वतः घरी आणली अन् वरणभाताच्या ताटाशेजारी ठेवून पोच म्हणून तिची सही घेतली. त्यात लिहिलं होतं: "मा. अध्यक्ष महोदयांची रेघ सफाई सेविकेच्या रेघेइतकीच आढळून आली आहे. सदर समानता आपण कोणाच्या परवानगीने घडवून आणली, याचा खुलासा करावा."

"परवानगी कशाची, पप्पा? अंगात हायेच तसं!"

"ते खुलाशात लिहू नको," नरसिंग म्हणाला. "प्रकरण वाढंल."

तरी वाढलंच. रेघ सुधार समिती नेमली गेली. समितीनं चहा-बिस्किटावर विचारविनिमय केला अन् निष्कर्ष काढला की संस्थेची समतेवर निष्ठा अढळ आहे; मात्र समता पदनिहाय असावी. उपायही सुचवला. साहेबांच्या नळीत माल दुप्पट घालावा, बाकीच्यांच्यात पदाप्रमाणं कमी करत यावं. सपनानं हात जोडून सांगितलं की मग ह्या रेघेला काही अर्थच राहत नाही. समितीनं तिचं म्हणणं आदरपूर्वक नोंदवून घेतलं अन् तालीम ठरवली.

तालमीसाठी उपप्राचार्यांपासून वाचमनपर्यंत सगळ्यांचेच गाल खरवडले. तालीम झाली, तसे बाकीचे जागे झाले. उपप्राचार्य म्हणाले, प्राचार्य अन् मी एकाच वर्षी लागलो, आमच्यात एवढी तफावत काहून? प्राध्यापकांनी सेवाज्येष्ठतेची मागणी केली. ग्रंथपालाला शिक्षक धरायचं की कार्यालय, ह्यावर दोन बैठका मोडल्या. प्रत्येक दुरुस्तीला रेघा पुन्हा काढायच्या, अन् प्रत्येक खेपेला त्याच करंगळीएवढ्या बाटलीतून.

भिकाबाई एक दिवस सपनाला जिन्याखाली गाठून म्हणाली, "माय, मला साहेबाइतकी जाड नको. पण त्या गेटावरच्या वाचमनपेक्षा जराशी जाड कर. मेला लई माजून राहिला."

अन् नरसिंग? तो सगळ्यांच्या शेवटी, दार लोटून, लेकीच्या प्रयोगशाळेत गेला. सपनानं मला नंतर सांगितलं. आवाज खाली करून म्हणाला, "माझी रेघ उपप्राचार्यांच्या बराबर दिसून राहिली. बरं दिसत न्हाई ते. थोडी पातळ कर."

"कुणी काही म्हणलं का पप्पा?"

"म्हणायच्या आत करावं. त्यालाच नोकरी म्हणतात."

शेवटी बाटलीत एकाच खेपेपुरता थेंब राहिला. सपनाचा हळदीचा प्रयोग सगळा होऊन बसला होता. फक्त सारख्या रेघांचा पुरावा जोडायचा होता. नेमकं तेव्हाच ठरलं की कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावायचा, त्यावर साहेबांचा फोटो अन् फोटोखाली अंतिम मंजूर रेघा. नरसिंग नाहरकतीचा कागद हातात घेऊन आला. "सही हवी न् तुला? मग शेवटची रेघ साहेबांची."

पोरीनं डोळे पुसले अन् थेंब दिला. सही त्याच दिवशी मिळाली. प्रबंध द्यायला आता कुणाची हरकत नव्हती, फक्त पुरावा नव्हता. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, काळजी करू नको, दुसरी बाटली पाठवते. पोरीचा जीव जरा भांड्यात पडला.

पण दुसरी बाटली येण्याआधी बाहेरचे परीक्षक आले, प्रयोगशाळा बघायला. ते फाटकातच थांबले. वर फ्लेक्स: साहेबांची रेघ बोटभर जाड, पुढं उतरत उतरत भिकाबाईची केसाएवढी. परीक्षकांनी मान वाकडी करून बराच वेळ बघितलं.

"ह्या नळ्यांत माल सारखा घातलेला नाही," ते म्हणाले.

"जाणीवपूर्वक, सर!" नरसिंग पुढं झाला. "पदनिहाय आहे."

"हे काम कुणाचं?"

"माझ्या मुलीचं," नरसिंगनं छाती काढून सांगितलं. "माझ्या देखरेखीखाली."

परीक्षक आत गेलेच नाहीत. जिथं मापच पद बघून टाकतात, तिथली हळदही मी खरी धरू शकत नाही, एवढं बोलून ते गाडीत बसले. सगळं काम दुसऱ्या प्रयोगशाळेत पहिल्यापासून करा, असा शेरा आला. सपनाची सगळी वर्षं पाण्यात गेली. फ्लेक्स मात्र पावसापाण्यात टिकून आहे.

तुम्ही हसत असाल. हसा. पण त्या फ्लेक्सपाशी अजून गर्दी असते. बाजाराला जाणारा माणूस गाडी थांबवतो, आधी आपली रेघ शोधतो, मग शेजाऱ्याची. ज्याच्या गालाला कुणी हात लावला नव्हता, तोसुद्धा शोधून जातो, अन् सापडली नाही म्हणून तोंड पाडतो. तुम्ही गेला असता तर सगळ्यात आधी काय शोधलं असतं, ते मला सांगू नका.

सपना परवा बॅग भरून पुण्याला निघाली. नरसिंग उंबऱ्यात बसलेला, डोकं धरून. आळीतली चार माणसं दाराशी जमलेली. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आई, मी कुणाचं वाईट केलं गं? साहेबांना जाड पायजे होती, दिली. माझं काय चुकलं?"

मी आवाज खाली केला नाही. दारातल्यांनाही ऐकू जावं असंच बोलले.

"साहेबानं जाड मागितली, त्याचा मला राग न्हाई. मागणारा मागतोच. भिकाबाईनं बी मागितली, तिला तर आजवर कुणी काहीच दिलं न्हाई. पण तुला पातळ हो असं कुणी म्हणलं न्हवतं रे, नरसिंग. तू आपल्या पायानं गेला, दार लोटून घेतलं, अन् पातळ होऊन आला. साहेबाची रेघ काही जाड न्हाई. तुझ्यासारखे न सांगता पातळ होणारे ओळीनं उभे हायेत, म्हणून ती जाड दिसून राहिली."