गिळेपर्यंत थांबणारे तावडेकाका

तावडेकाकांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भर सभेत शिरा भरवला. ‘हात पाठीमागे. मान वर. आता गिळा.’ सेक्रेटरींना जोरात ठसका लागला आणि बराचसा शिरा सभेच्या वहीवर उडाला. ‘बघितलात?’ काका सगळ्यांना म्हणाले. ‘वरसून ओतला काय असा होता. चला, आता लिफ्टचो विषय घेवा.’

दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत ते समोरच्या दारात राहतात. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते, आता लोकांचे मिक्सर दुरुस्त करतात. एकटेच असतात. त्यांना हे वेड लागलं ते माझ्यामुळे.

माझी मुलगी जुई सहा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचे ओठ नीट मिटत नाहीत, जीभ घास बाहेर ढकलते. वाटीभर खिमटीला तास लागतो. तीन महिन्यांत वजन वाढलं नाही तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थेरपीच्या बाईंनी भरवायची रीत शिकवली: मान किंचित खाली, हनुवटीला बोटांचा आधार, चमचा जिभेवर टेकवायचा आणि ती स्वतः ओठ मिटेपर्यंत थांबायचं. रोज केलं की वहीत खूण करायची.

खरं सांगतो, मी थांबत नव्हतो. बायको दिवसभर कामावर, मी घरून काम करायचो. दोन मीटिंगच्या मध्ये तिची मान मागे करायचो आणि ओतायचो. वहीत खुणा मात्र एक दिवस चुकल्या नाहीत. एकदा जुई ठसकून काळीनिळी पडली, तेव्हा काका आमचा मिक्सर परत द्यायला दारात उभे होते. त्यांनी आत येऊन खुणांनी भरलेली वही पाहिली, मग मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, ‘पुढच्या वेळेक थेरपीक मी पण येतंय.’

तिथे बाई सहज बोलून गेल्या, ‘भरवणाऱ्याने एकदा स्वतः दुसऱ्याच्या हातून खाऊन बघावं, म्हणजे कळतं.’ आम्ही पालक अशा वेळी माना डोलावतो आणि विसरतो. काकांनी तो सरकारी हुकूम मानला. कुरिअरवाला, विम्याचा एजंट, कुणी सुटलं नाही. काका वाटी घेऊन लिफ्टमध्ये शिरले की लोक जिना पकडायचे.

मग पेले आले. मान मागे न करता शेवटच्या घोटापर्यंत पिता यावं म्हणून बाईंनी जुईला एक प्लास्टिकचा पेला दिला होता. नाकासाठी त्याची एक कड कापलेली. काकांना तो इतका पटला, की सोसायटीच्या सत्यनारायणासाठी आणलेले दीडशे पेले त्यांनी आदल्या दिवशी बसून कापले. लोक कापलेल्या बाजूनेच चहा प्यायला गेले. गुरुजींचं सोवळं भिजलं. ‘अहो, नाक खिडकीत घाला ना, गुरुजी!’ काका ओरडत होते.

आणि रोज चार वाजता ते स्वतःचा डबा घेऊन आमच्याकडे यायचे. ‘तुझो एक, माझो एक,’ जुईला सांगायचे. ती गिळेपर्यंत त्यांचा घास हवेत. त्यांचा भात वाळून जायचा, ती खदखदून हसायची आणि तोंडातलं त्यांच्या शर्टावर यायचं. ‘झकास! आता परत.’

वजन वाढलं. नळी टळली.

त्यांचा इतका वेळ घेतल्याची मला लाज वाटत होती. म्हणालो, ‘काका, उद्यापासून मी भरवतो. नीट भरवतो. तुम्हाला किती त्रास द्यायचा?’

‘बरा,’ म्हणाले आणि डबा उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी चमचा जुईच्या जिभेवर टेकवला आणि खरंच थांबलो. तिने ओठ मिटले नाहीत. दाराकडे बघत राहिली. शेवटी तिला त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या बायकोजवळ सोडून मी समोर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका टेबलाशी बसले होते. डबा उघडा, भात तसाच, कालवलेला घास हातात.

‘काका, अजून जेवला नाहीत?’

‘मगासपासून बसलंय. घास उतरणा नाय रे.’ मग एकदम चिडून, ‘घसो बसलो आसा, दुसरा काय नाय! तू कित्याक इलंस? तिका भरव जा.’

‘ती खात नाहीये. तुम्ही चला ना.’

घास हातात तसाच धरून ते उठले. जुईने त्यांना पाहिलं आणि ओठ मिटले. ती गिळेपर्यंत ते थांबले, मग आपला घास तोंडात टाकला. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले. पाणी आणतो म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.