एक पोशाख, दोन नवऱ्या

दोन्ही नवरदेवांना लढाईवरून रजा मिळाली ती एकाच शनिवारची, आणि पांढरा पोशाख होता एकच. एडना थ्वेटबाईंनी कपाळावर हात मारला. लढाईमुळे कापड मिळायचं कुपनावर. म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीचे जाळीचे पडदे उतरवून आपल्या बेरिलसाठी तो शिवला होता. त्यावरची लेस शेजारच्या मॉडच्या आईची, त्यामुळे मॉडचाही त्यावर हक्क.

"आधी मॉड, मग बेरिल," एडनाबाईंनी फर्मान काढलं. "चर्चमागच्या खोलीत अदलाबदल करू. त्यात काय मोठंसं!"

शनिवारी मॉड पोशाखात मावली, पण जेमतेम. "मावशी, श्वास घेता येत नाहीये."

"लग्न लागेपर्यंत घेऊ नकोस!" एडनाबाई दातांत टाचण्या धरून गुरगुरल्या.

पण मॉडच्या सिरिलचा पत्ताच नव्हता. बॉम्ब पडून त्यांच्या हल शहराकडे येणारे रेल्वेचे रूळ उखडले होते. उलट बेरिलचा वॉल्टर वेळेआधीच हजर. त्याला दुपारीच बोटीवर परतायचं होतं.

पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, हाताशी आहे त्या नवरदेवाचं तरी उरकू."

मग मॉडला त्या पोशाखातून सोलून काढलं. त्यात कमरेची शिवण उसवली. एडनाबाईंनी बेरिलच्या अंगावरच भराभर टाके घातले आणि तिला पुढे ढकललं. लग्न लागलं, एडनाबाईंनी डोळे पुसले, आणि काजळीने माखलेला सिरिल धापा टाकत दारात उगवला.

"बेरिल, काढ तो लवकर!"

"आई, निघत नाहीये. तू परकरासकट शिवलायस!"

"मग टाके कापा की, मावशी!" परकरातली मॉड रडकुंडीला आली.

"जाळी फाटेल गं! दुसरे पडदे कुठून आणू मी?"

"सासूबाई, बोट सुटेल," वॉल्टर म्हणाला, आणि बायकोला पोशाखासकट ओढत धक्क्याकडे पळाला.

एडनाबाईंनी दोघांच्या नावाने बोटं मोडली. मग आपला एकुलता एक चांगला, निळा लोकरी पोशाख उतरवून मॉडच्या अंगावर चढवला. मॉडने पोटभर श्वास घेऊन लग्न केलं. एडनाबाई भजन गाणाऱ्यांचा झगा लपेटून मागच्या बाकावर धुसफुसत बसल्या.

सोमवारी सकाळी गल्लीतल्या तीन मुली दारात उभ्या. बाई वैतागल्या. "पांढरा पोशाख ना? बेरिल सासरहून आणेल तेव्हा या."

"पांढरा नको, मावशी. मॉडने घातला तो निळा द्या. नंतर कामावर जायलाही चालतो."

"आणि मी काय घालू?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "तुम्ही तो पांढरा घाला की!"