नंदनवनातला गुरुवारचा रविवार

नागपूरच्या नंदनवन भागातल्या शाळेत मनोहरराव मास्तरांना नोकरीत कायम व्हायचं होतं, आणि त्यासाठी गुरुवारी शाळा तपासणीस वामनराव साहेब त्यांचा चौथीचा वर्ग बघायला येणार होते. धडा ठरलेला, दिवस चोवीस तासांचाच का असतो. "साहेब स्वतः उठून माझी पाठ थोपटतात की नाही बघ," असं ते आठवडाभर बायकोला ऐकवत होते. ती नुसतं हं म्हणायची.

तयारी मात्र झकास होती. खिडक्या लावलेल्या, टेबलावर पेटता कंदील, तो सूर्य. मीटिंगला गेलेल्या हेडमास्तरांची फिरती खुर्ची, ती पृथ्वी. खुर्चीत वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी, गोपिका. साहेब यायच्या आत एक तालीम घेऊन टाकू, म्हणून मास्तरांनी खुर्चीला हात घातला.

"गोपिकाचं नाक म्हणजे आपलं नागपूर. नाक कंदिलाकडं तर दिवस, पाठ कंदिलाकडं तर रात्र. पुन्हा नाक कंदिलासमोर आलं की झाला एक दिवस. खऱ्या पृथ्वीला एवढ्या फेरीला चोवीस तास लागतात."

रोज फळ्यावर वार लिहायचं काम देवकीचं. मास्तर रंगात आले होते. "देवकी, फेरी झाली की वार बदलव."

पहिली फेरी, शुक्रवार. दुसरी, शनिवार. तिसरीला देवकीनं ठळक अक्षरात लिहिलं, रविवार.

"गुरुजी, मंग रविवारी आपण शाळेत काहून बसून राहिलो?" मागून कुणीतरी विचारलं.

"अरे, हे समजण्यापुरतं आहे," असं मास्तर म्हणेपर्यंत दप्तरं उचलली गेली होती. व्हरांड्यात डुलक्या घेणारा शिपाई धोंडबा दचकून उठला. चौथी घरी निघालेली बघून त्याला वाटलं, आपल्यालेच उशीर झाला. त्यानं सुटीची लांबलचक घंटा ठोकून दिली आणि अख्खी शाळा रिकामी झाली.

त्या लोंढ्यातून वाट काढत वामनराव साहेब वर्गात आले. मास्तरांखेरीज गरगरल्यामुळं उठता न येणारी गोपिका तेवढी उरली होती.

"मुलं कुठं आहेत?"

"घरी गेली साहेब. आज रविवार हाये." आणि तिनं नाक, कंदील, फेरी, चोवीस तास, सगळं घडाघडा सांगितलं. मास्तरांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

"पोरीला धडा पक्का कळलाय," साहेब म्हणाले. "खुर्ची कुठल्या बाजूनं फिरवलीत?"

"घड्याळाच्या काट्यांसारखी," मास्तरांना जरा धीर आला.

"पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडं. तुम्ही उलटी फिरवलीत, नागपुरात सूर्य मावळतीला उगवला. म्हणजे तीन दिवस पुढं नाही, मागं गेले. आज सोमवार." साहेबांनी डायरी मिटली. "माझी तपासणी गुरुवारी. तीन दिवसांनी येतो. नीट फिरवा."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. साहेब फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी बोटांवर दिवस मोजले, तेव्हा कळलं की तीन दिवसांनी खराखुरा रविवार येतो.

संध्याकाळी ते दारोदार फिरून रविवारी शाळा असल्याचं सांगत होते. गोपिकाच्या आईनं, मनकर्णाबाईनं, कपाळाला आठ्या घातल्या. "रविवारी काहून शाळा, गुरुजी?"

आतून गोपिकाच बोलली, "माय, आमचा रविवार आजच होऊन गेला ना वं."