पासवर्ड आणि न प्यायलेली कॉफी

जॉर्डनमधल्या करकजवळच्या आमच्या नगरपालिकेत वायफायचा पासवर्ड चहाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेला होता. ही बाब गंभीर असल्याचे अभियंता निदाल यांच्या निदर्शनास आले. शेळ्या राखणारेसुद्धा सरकारी खर्चाने फुटबॉल पाहत होते. खरे सांगायचे तर आम्हीही. म्हणून निदालने मध्यवर्ती सर्व्हर बसवला. ज्याचे त्याचे नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड. सर्व्हरला ओळख पटली तरच वायफाय. गुरुवारी अम्मानहून साहेब तपासणीला येणार होते. यंत्र चालले की निदाल विभागप्रमुख होणार होता, आणि बायकोने शेजारणींना तसे सांगूनही टाकले होते.

"पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नये," असे परिपत्रक त्याने काढले. त्यातल्या भाषेवर तो इतका खूश झाला की घरीही त्याने ते वाचून दाखवले.

त्याच संध्याकाळी त्याचे काका अबू शाहेर चार वडीलधाऱ्यांना घेऊन आले. निदालने कडू कॉफी ओतली. काकांनी कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. आमच्याकडे असा कप खुनाच्या तडजोडीसाठी किंवा मुलीला मागणी घालताना ठेवतात. मागणे मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि कॉफी तशीच निवली तर यजमानाचे नाक कापले जाते.

"प्या ना, काका."

"आधी आमचं काम. आमचा पोरगा उदै रिकामा बसलाय. त्याला तुझं ते इंटरनेट दे."

"तो नोकरीत कुठाय? सर्व्हरात त्याचं नाव नाही!"

"तुझं आहे ना? मग झालं. घराणं एकच आहे, बाळा."

निदालने परिपत्रक आठवले, मग कॉफीकडे पाहिले. वाफ विरत चालली होती.

"प्या, काका. दिला."

बुधवारपर्यंत उदैच्या बैठकीत कप खाली ठेवणाऱ्यांची रीघ लागली. पोरगा घराण्याची अब्रू जपणारा. एकालाही त्याने नाही म्हटले नाही. मग इतक्यांना ठाऊक असलेला पासवर्ड धोक्याचा, म्हणून त्याने तो बदलला आणि नवा सगळ्यांना कळवला. निदालला तेवढे कळवायचे राहिले.

गुरुवारी सकाळी सर्व्हरने निदालला ओळखच दाखवली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब अम्मानहून निघाले होते. निदालने त्याच चार वडीलधाऱ्यांना गोळा केले, उदैचे घर गाठले, कॉफी घेतली आणि मान खाली घालून कप जमिनीवर ठेवला.

"प्या, दादा, दिला," उदै म्हणाला. "पण कुणाला सांगू नका हं. सख्ख्या भावालासुद्धा."

साहेबांसमोर यंत्र सुरळीत चालले. पडद्यावर अभियंता निदाल एकाच वेळी कार्यालयात होते, न्हाव्याकडे होते, बेकरीत होते आणि उदैच्या गच्चीवरही होते.

"एवढ्या ठिकाणी एकटाच?" साहेबांनी विचारले.

"फार कामसू आहे, साहेब," तपासणी पाहायला आलेले काका म्हणाले.

साहेबांनी समाधानाने मान डोलावली. निदालने स्वतःच्या हाताने त्यांना कॉफी दिली. साहेबांनी कप घेतला, दाराकडे एकदा पाहिले आणि तो खाली ठेवला.

निदाल आता विभागप्रमुख आहे. हे वाचून हसणाऱ्यांनी आपला फोन या क्षणी कोणाच्या वायफायला लागलेला आहे, तेवढे पाहून घ्यावे.