सातव्यांदा खुर्ची

"आज त्या खुर्चीत बसले, तर रॅकेट भंगारात घालीन!"

भिंगरीने आरशासमोर असं जाहीर केलं आणि बुटांच्या नाड्या इतक्या करकचून आवळल्या, की पायांना मुंग्या आल्या.

खुर्चीची भानगड अशी. स्क्वॉशच्या छोट्या स्पर्धांत वेगळा पंच ठेवण्याची चैन कुणाला परवडते? जी हरेल तिने घाम पुसायचा, कोर्टाच्या काचेच्या भिंतीमागे ठेवलेल्या खुर्चीत बसायचं आणि पुढच्या सामन्याचे गुण पुकारायचे. व्यावसायिक झाल्यापासून भिंगरी सहा स्पर्धा खेळली. सहाही वेळा पहिल्याच फेरीत गारद, सहाही वेळा खुर्चीत! गुण मात्र काय खणखणीत पुकारायची!

बरं, हरले म्हणून घरी सांगायला जीभ रेटेना. आईने फोनवर विचारलं, की ही म्हणायची, "पंच केलंय मला!" आणि खुर्चीतला फोटो पाठवून द्यायची. खोटं कुठे होतं? आईने ते फोटो अख्ख्या इमारतीत फिरवले. "बाकीच्या पोरी घाम गाळतात, आमची खुर्चीत बसून हुकूम सोडते!"

आणि आज आई मावशीला घेऊन थेट स्पर्धेलाच हजर!

सामना सुरू झाला. खुर्चीत आधीचा सामना हरलेली एक उंच मुलगी होती. आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ऊठ गं बाई. ही माझ्या मुलीची जागा आहे."

"काकू, ती आत खेळतेय."

"खेळतेय? का? काय केलं तिने?"

झालं! आईने काचेवर धपाधप थापा मारल्या. "अगं, बाहेर ये! इथे खुर्ची बळकावली तुझी!" मावशीनेही चार थापांची भर घातली. उंच मुलीने ताकीद दिली, तीही भिंगरीलाच! या गोंधळात पाचपैकी पहिले दोन डाव हातचे गेले.

भिंगरी पाणी प्यायला बाहेर आली. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"मी बोलू का वरच्या लोकांशी?" आई कुजबुजली.

"आई, तू फक्त बस!"

सातव्यांदा हरायचं नाही म्हणजे नाही! तिने डोळे पुसले आणि समोरच्या मुलीकडे नीट पाहिलं. हिचे दोन सामने आपणच खुर्चीतून पाहिलेत की! डाव्या कोपऱ्यात पुढे पळायचं म्हटलं की हिच्या जिवावर येतं. मग काय, भिंगरीने त्या कोपऱ्यात चेंडू असे अलगद टाकले, की ती बिचारी वाकून वाकून अर्धी झाली. तिसरा डाव घेतला. चौथा घेतला. पाचवा बारा-दहा! भिंगरी जमिनीवर बसून हमसाहमशी रडली आणि मग खदाखदा हसली.

हरलेली मुलगी दोन्ही गुडघ्यांवर बर्फ ठेवून आडवी झाली होती. पुढचा सामना खोळंबला. संयोजक बाई पंचासाठी धावाधाव करत असताना आईने त्यांना गाठलंच.

"अहो बाई, चुकलं असेल पोरीचं काही. पण तिची खुर्ची काढू नका हो!"

बाईंचा चेहरा उजळला. "काढते कशाला? आत्ता देते!"

पाच मिनिटांत भिंगरी खुर्चीत!

"आई, मी जिंकलेय गं."

"हो हो, असेल. इकडे बघ, जरा हस," मोबाईल सरसावत आई म्हणाली.

भिंगरी हसली. आणि रॅकेट पायाने हळूच खुर्चीखाली सरकवली. भंगारात कशी घालणार? उद्या दुसरी फेरी होती!